कमरेखालचा हात

माझा पहिला मुलगा पौषात झाला, आणि चैत्र लागला तोवर माझी अशी गत झाली होती की जमिनीवर पडलेली वाटी मला उचलता येईना.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. माझं सासर आमगाव स्टेशनापासून दोन कोसांवर. थोडी धानाची शेती होती, आणि शेतात काम नसलं की घरातल्या आम्ही बायका बिड्या वळत असू. सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई, त्यांच्या दोन मुली आणि आम्ही दोघं, एवढं घर. मी अठराची होते.

बाळंतपण जड गेलं. दीड दिवस कळा देत होते. मूल झालं, चांगलं रडलं, दाईनं नाळ कापली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला. कंबर दुखत होती, पण बाळंतिणीची कंबर दुखायचीच, असं सगळ्याच म्हणत होत्या. बाजेखाली निखारे ठेवून शेक झाला, मोहाच्या बियांचं तेल चोळून झालं, कमरेला लुगड्याची पट्टी आवळून झाली. सव्वा महिना उलटला, मी कामाला लागले, आणि दुखणं मात्र जागचं हललं नाही.

बसल्या जागेवरून उठताना कमरेत कोणी खुंटी ठोकतंय असं वाटे. कुशीवर वळायचं तर बाजेची दोरी धरून, दात आवळून वळावं लागे. सगळ्यात वाईट म्हणजे मुलाला उचलणं. तो रडायला लागला की मला आधी भीती वाटायची, माया त्याच्या मागून यायची. ही गोष्ट मी तेव्हा कोणालाच सांगितली नाही. आपण आई म्हणून खोट्या निघालो, असं मला वाटत असे. आणि दुसरंही एक वाटत असे: मूल बाहेर येताना माझ्या आत काहीतरी मोडलंय, ते दाईला ठाऊक आहे, पण ती बोलत नाही.

सासूबाई मनाच्या वाईट नव्हत्या. माझं चालणं त्या रोज पाहत होत्या. एका सकाळी, मी भिंतीला धरून उठत असताना, त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"वात हाय तो," त्या म्हणाल्या. "हाडात जाऊन बसला. आता तेलानं नाई निघत. डाग द्या लागते."

डाग म्हणजे तापलेल्या लोखंडी सळईचा चटका. जंगलाकडच्या एका गावात एक म्हातारा होता, तो कमरेवर, पोटावर, जिथं दुखत असेल तिथं डाग देई. लांबलांबची माणसं त्याच्याकडे जात.

त्याच दिवशी दुपारी जाऊबाई मला घरामागच्या सांदवाडीत घेऊन गेल्या. तिथं आमची न्हाणी होती, तट्ट्यानं आडोसा केलेली. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि लुगडं कमरेवरून खाली सरकवलं.

"पाह्य," त्या म्हणाल्या.

पाच डाग होते. चिंचोक्याएवढे, काळपट, कडा सुरकुतलेल्या. चार वर्षं मी त्यांच्याबरोबर एका घरात राहत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

"दुसऱ्या पोरीच्या वेळचे हायेत," त्या म्हणाल्या.

"मंग दुखणं गेलं का, बाई?"

"कायचं जाते वो! दुखणं तिथंच हाय. आता वरून चामडी बी ओढते."

जाऊबाई कामाला वाघीण होत्या. त्यांची कंबर दुखते हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

मी नवऱ्याला सांगून पाहिलं. ते मान खाली घालून म्हणाले, "माय म्हणते तं..." आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आमच्या घरात सुना सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसत. पण संध्याकाळी मामाजी, म्हणजे सासरे, ओसरीवर बसले असताना जाऊबाई कोठ्यात म्हशीपुढे चारा टाकत होत्या, आणि एकाएकी त्या म्हशीशीच मोठ्यानं बोलायला लागल्या.

"काऊन वो, तुले लंगडी भरली तं तुले आमगावच्या ढोरांच्या दवाखान्यात नेलं होतं ना? चार दिवस नेलं. अन् घरच्या सुनेले मात्र सळई! तुह्यं नशीब चांगलं बापा, तू म्हैस झाली."

मामाजींनी चिलीम खाली ठेवली. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "उद्या छकडा जुंप. गोंदियाले दाखवून आण तिले."

सासूबाईंनी विरोध केला नाही, पण आपली अट घातली, आषाढातल्या धानाच्या लावणीपर्यंतची. "रोवणीपर्यंत पायतो. फरक नाई पडला तं मी त्या म्हाताऱ्याले बोलावतोच."

छकड्यात बसणं मला जमेना. चाक दगडावरून गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. शेवटी स्टेशनापर्यंतची अर्धी वाट मी गाडीमागून चालतच गेले, आणि चालताना दुखणं थोडं कमी असतं हे मला त्या दिवशी कळलं. गोंदियात बायकांच्या दवाखान्यात आम्ही ओळीत बसलो. डॉक्टरीणबाईंनी मला वाकवलं, उताणी झोपवून एकेक पाय वर उचलला, गुडघ्यावर टिचकी मारली, तळपायाला टाचणी टोचून विचारलं. मग हात धुता धुता म्हणाल्या, "हड्डी साबुत है. नस भी ठीक है. कुछ टूटा नहीं है."

मला हिंदी तेव्हा अर्धीच कळायची. मी नवऱ्याकडे पाहिलं.

"अख्खं हाय म्हणते," ते म्हणाले. "काईच मोडलं नाई."

मी तिथंच, सगळ्यांदेखत रडायला लागले. दुखणं तसंच होतं, कणभर कमी झालं नव्हतं, पण तीन महिने छातीवर बसलेला दगड उतरला. डॉक्टरीणबाईंना वाटलं मला जास्त दुखतंय. त्यांनी एका वयस्कर नर्सबाईला हाक मारली आणि मला तिच्या हवाली केलं.

ही नर्सबाई रायपूरकडची होती. अंगानं जाड, केस अर्धे पिकलेले, बोलणं फटकळ. तिनं मूल माझ्या नवऱ्याच्या हातात देऊन त्यांना बाहेर पिटाळलं, पडदा ओढला आणि जमिनीवर चटई टाकली. मला उताणी झोपवून, गुडघे वाकवायला लावून, डोकं थोडं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर दोन बोटं दाबली. बोटं आत गेली.

"देखो, ये बीच में जगह बन गई है. नौ महीना पेट तना रहा, अब ढीला पड़ गया. पेट सो रहा है और कमर अकेली सारा काम कर रही है. रोएगी नहीं तो क्या करेगी?"

इतक्या सोप्या शब्दांत माझ्या दुखण्याबद्दल माझ्याशी कोणीच बोललं नव्हतं. मग तिनं आपला हात माझ्या कमरेखाली, जिथं जमीन आणि पाठ यांच्यात पोकळी राहते तिथं, सरकवला.

"अब मेरा हाथ दबाओ. पैर से नहीं, पेट से. साँस छोड़ो, पेट अंदर लो, और कमर से मेरा हाथ ज़मीन में गाड़ दो."

मी जोर केला. खांदे उचलले गेले, मान ताठ झाली, पाय थरथरले. कंबर होती तिथंच.

"गला क्यों फुला रही हो? गाना गाना है क्या?"

मला हसू आलं, आणि हसताना श्वास सुटला, पोट आत गेलं आणि कंबर जराशी तिच्या हातावर टेकली. "यही! यही!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की पडद्याबाहेर माझं मूल दचकून रडलं.

तिनं मला चार गोष्टी शिकवल्या. ही पहिली. दुसरी, उताणं झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी ओढून घ्यायचा, मग दुसरा. तिसरी, गाईसारखं चार पायांवर राहायचं आणि श्वास सोडत पाठ मांजरीसारखी वर उचलायची, मग सपाट आणायची. चौथी सांगताना तिनं आवाज हलका केला. लघवी अडवताना आवळतो तसं आतून आवळायचं आणि सोडायचं. हे बसल्या बसल्या, कोणाला न कळता करता येतं. मी लाजून भिंतीकडे तोंड केलं. "शरमाओ मत," ती म्हणाली, "वहीं से तो बच्चा निकला है." प्रत्येक गोष्ट दहा वेळा, सकाळी आणि संध्याकाळी, श्वास कोंडायचा नाही. कमरेतून वाकून काही उचलायचं नाही, उकिडवं बसून मूल छातीशी घ्यायचं आणि मग मांड्यांच्या जोरावर उठायचं. "डेढ़-दो महीना लगेगा. जल्दी मत करना."

आणि मी घाईच केली.

घरी आल्यावर जाऊबाईंना सगळं सांगितलं. धान ठेवायच्या ढोलीमागे एक माणूस झोपेल एवढी जागा होती. गुरं रानात गेली आणि पुरुष शेताकडे निघाले की मी तिथं चटई टाकायची आणि जाऊबाई माझ्या कमरेखाली हात घालून बसायच्या. एकदा सासूबाईंनी डोकावून पाहिलं. मी नेमकी चार पायांवर होते.

"दवाखान्यात हेच शिकवलं का?" त्या म्हणाल्या. "ढोर होऊन राहिली पोरगी!" आणि पदराआड हसत निघून गेल्या. त्या हसल्या याचंच आम्हाला बरं वाटलं.

पण माझ्या डोक्यात रोवणी होती. आषाढ किती लांब आहे ते मी रोज बोटांवर मोजत होते. दहाच्या जागी वीस, मग चाळीस वेळा करायला लागले. श्वास कोंडून, दात आवळून. पंधरा दिवस झाले आणि एका सकाळी मला बाजेवरून उठताच येईना. जाऊबाईंनी आणि नवऱ्यानं धरून मला उभं केलं. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

त्या दिवशी मी जाऊबाईंना म्हणाले, "बाई, देऊ द्या डाग. एकदाचं होऊन जाऊ द्या."

जाऊबाई चिडल्या. "नर्सबाईनं केवढ्या येळा सांगतलं होतं?"

"दहा."

"अन् तू केवढ्या येळा करून राहिली?"

"चाळीस," मी पुटपुटले.

"पीठ जास्त टाकलं का भाकर मोठी होते, पण भाजत नाई," त्या म्हणाल्या. "दोन दिवस गप पडून राह्य. मंग दहाच करजो. मी मोजतो."

त्या नुसत्या मोजून थांबल्या नाहीत. मी दिवसभर काय करते ते त्यांनी दोन दिवस लक्ष देऊन पाहिलं. बिड्या वळताना सूप मांडीवर असतं, पानं-जर्दा त्या सुपात, आणि बाई तासन्‌तास त्यावर कमान होऊन बसते. मध्येच मूल रडलं की मी तशीच वाकून त्याला पाजायची. "सकाळी दहा येळा कंबर सरळ करते अन् दिवसभर मोडून ठेवते," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी मला ओसरीच्या भिंतीला पाठ टेकून बसवलं, पाठीमागे गोधडीची गुंडाळी दिली आणि सूप मांडीवरून काढून पुढ्यात एका पाटावर ठेवलं. मूल पाजायचं ते भिंतीला टेकूनच, त्याच्याखाली उशी घेऊन. अर्धा दिवस झाला की त्या मला हाक मारून उठवायच्या आणि विहिरीपर्यंत नुसतीच चालवून आणायच्या, हातात काही न देता. शेजारणी म्हणाल्या, ही रिकामी फिरते का म्हणून. जाऊबाई म्हणाल्या, "दवाखान्याचं औषध हाय, फिरूनच घ्या लागते."

दुखणं कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. ते एका दिवशी गेलंच नाही. आधी कुशीवर वळताना दोरी धरावी लागेना. मग उठताना ठोकली जाणारी खुंटी बोथट झाली. ज्येष्ठातल्या एका सकाळी मी विहिरीवरून दोन खेपा करून आले, मुलाला उकिडवं बसून उचललं, चुलीपाशी गेले, आणि भात शिजायला टाकल्यावर माझ्या ध्यानात आलं की उठल्यापासून मला कमरेची आठवणच झाली नव्हती. मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले. मग मुलाला पुन्हा खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं, फक्त बघायला. तो खिदळला. मी परत तसंच केलं. भात खाली लागला.

जाऊबाईंच्या कमरेखालीही आता माझा हात असे. त्यांचं दुखणं जुनं, त्यांना वेळ लागत होता.

सासूबाईंनी मात्र आपला शब्द पाळला. माझ्या उठण्या-बसण्यात फरक पडलाय हे त्यांना दिसत होतं, पण वरून बरं वाटतं आणि वात आत दबा धरून बसतो, असं त्यांचं म्हणणं. मृगाचा पाऊस पडून बियाण्याचे पऱ्हे टाकून झाले, धानाची रोपं वर यायला लागली, आणि एका दुपारी तो डाग देणारा म्हातारा आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. किरकोळ, पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर घोंगडी. त्यानं पाणी मागितलं, प्याला, आणि झोळीतून सळई काढून चुलीत ठेवायला दिली.

मला वाटलं, एवढं सगळं करून शेवटी हेच. मी नवऱ्याकडे पाहिलं. या वेळी ते उठले आणि म्हणाले, "तिले बरं हाय आता." एवढंच म्हणाले, पण आईसमोर म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "बरं हाय का नाई ते त्याले पाहू दे."

म्हाताऱ्यानं मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. सासूबाईंनी लुगडं जरा खाली केलं. त्यानं अंगठ्यानं माझ्या मणक्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या, वरून खाली, सावकाश, एकेक जागा दाबत. मी डोळे मिटले होते. चुलीतल्या सळईचा मला वास येतोय असं वाटत होतं.

"इथं?" त्यानं विचारलं.

"नाई."

"इथं?"

"नाई."

त्यानं जोरात दाबलं. "खरं सांग, पोरी. इथं?"

"दाबलं तेवढंच लागलं. दुखत नाई."

मग त्यानं मला वाकायला सांगितलं, उकिडवं बसायला सांगितलं, उठायला सांगितलं. मी बसले आणि भिंतीचा आधार न घेता उठले. म्हातारा मागे सरकला आणि सासूबाईंना म्हणाला, "हिच्यात दुखणंच नाई बाप्पा. डाग देऊ तं कायले देऊ? चांगल्या चामडीवर सळई लावत नाई मी."

सासूबाई म्हणाल्या, "मंग वात?"

"होता तं गेला."

त्यानं स्वतः चुलीतून सळई काढली, पाण्यात बुडवली. चुर्र असा आवाज झाला आणि वाफ उठली. मी होते तिथंच खाली बसले, आणि पुन्हा उठताना मलाच हसू आलं. जाऊबाई कोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता आणि डोळे पुसत होत्या. म्हातारा भात खाऊन, चांगला आडवा होऊन मग गेला. त्याच्याबद्दल मला आजही राग नाही. त्याच्या जागी दुसरा असता तर आलोच आहे म्हणून चार डाग देऊन गेला असता.

त्या वर्षीची रोवणी मी पूर्ण केली नाही. चिखलात दिवसभर वाकायचं हे मला नर्सबाईनं नाहीच म्हटलं होतं. मी बांधावर बसून रोपांच्या पेंढ्या बांधून देई, आणि सकाळी थंडाव्याला तासभर रोवणाऱ्या बायकांच्या ओळीत उभी राही. तासभर झाला की जाऊबाई स्वतःच ओरडत, "निघ वो लहाने, निघ!" त्यांची स्वतःची कंबर तोवर निम्मी हलकी झाली होती. पूर्ण बरी ती कधीच झाली नाही. पण दिवाळीत त्या मला म्हणाल्या की आता पिठाची चक्की ओढताना त्यांना थांबावं लागत नाही.

पुढे धान कापून झालं, आणि मार्गशीर्षात एका सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "चाल, लुगडं बदल. देवीले जायचं हाय."

टेकडीवरची ती देवी आमच्या गावापासून कोसभर. मूल माझ्या कडेवर, सासूबाईंच्या हातात नारळ. मला वाटलं नेहमीचंच दर्शन. टेकडीच्या पायथ्याशी त्या थांबल्या आणि सांगू लागल्या: तू गोंदियाहून आली त्या दिवशीच मी नवस बोलली होती. सून पोराले घेऊन या टेकडीवर चढली तं नारळ फोडीन.

"मंग मले काऊन नाई सांगतलं, आत्याबाई?"

"सांगतलं असतं तं तू जोर लावला असता. तुह्या जोर लावण्यानंच तं पडली होती ना बाजेवर."

म्हणजे त्या ढोलीमागची प्रत्येक गोष्ट त्यांना ठाऊक होती. दहा वेळा आणि चाळीस वेळा, सगळंच.

आम्ही चढलो. निम्म्या वाटेवर मी मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. वर पोचल्यावर त्यांनी नारळ फोडला, अर्धी वाटी देवीपुढे ठेवली आणि खोबऱ्याचा तुकडा मला दिला.

"पायलं ना," त्या म्हणाल्या, "देवीनं बरं केलं."

"हो," मी म्हटलं. खोबरं गोड होतं, मूल कडेवर झोपलं होतं, आणि अजून सगळी टेकडी उतरायची होती.